दुर्मीळ स्टुडिओ सत्रांचे रीमास्टरिंग : नवख्यांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

१९७१ साली लंडनच्या वेम्बली भागात डी लेन ली या कंपनीचा नवा स्टुडिओ उभा राहत होता. भिंतींतून आवाज शेजारच्या खोलीत झिरपतो का, नवी यंत्रे पूर्ण ताकदीच्या संगीताला पुरी पडतात का, हे तपासायला तिथल्या लोकांना मोठ्याने वाजवणारा एखादा बँड हवा होता आणि त्या बदल्यात बँडला आपली गाणी विनामूल्य ध्वनिमुद्रित करून मिळणार होती. ही संधी क्वीन या तोवर कुणाच्या खिजगणतीतही नसलेल्या बँडला मिळाली. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला आणि तिथल्या ‘द हेक्टिक्स’ या शालेय बँडमध्ये पियानो वाजवणारा फारोख बलसारा तोपर्यंत फ्रेडी मर्क्युरी झाला होता. लुई ऑस्टिन या अभियंत्याच्या देखरेखीखाली पाच गाणी ध्वनिमुद्रित झाली, ती ऐकवत बँडने रेकॉर्ड कंपन्यांचे उंबरठे झिजवले, आणि १३ जुलै १९७३ रोजी पहिला अल्बम प्रकाशित झाल्यावर हे डेमो, म्हणजे नमुन्यादाखलची ध्वनिमुद्रणे, मागे पडले. पाचही गाणी अधिकृतपणे श्रोत्यांपर्यंत पोचली ती थेट २०११ साली, आणि तीही स्टुडिओच्या मूळ टेपवरून नव्हे, तर गिटारवादक ब्रायन मे यांनी इतकी वर्षे जपलेल्या एका अ‍ॅसिटेट तबकडीवरून, म्हणजे स्टुडिओतच ऐकण्यासाठी एकेक कोरल्या जाणाऱ्या रेकॉर्डवरून.

अशा ध्वनिमुद्रणांवर काम करण्याची इच्छा असलेल्या, पण सुरुवात कुठून करावी हे न उमगलेल्या वाचकांसाठी हा लेख आहे. क्वीनची तबकडी आपल्या हाती येणार नाही, हे उघड आहे. परंतु महाविद्यालयातल्या जुन्या बँडची कॅसेट, मुंबईच्या चोर बाजारात मिळालेली घासलेली रेकॉर्ड किंवा एखाद्या नातेवाइकाने जपलेली स्पूल टेप यांवर काम करतानाही पायऱ्या त्याच राहतात. या सर्व पायऱ्यांमागे मी एकच कसोटी मानतो : त्या दिवशी त्या खोलीत जे वाजले, त्याच्या आपण जवळ जात आहोत की त्यापासून दूर? आवाज अधिक स्वच्छ किंवा अधिक मोठा झाला, एवढ्याने तो अधिक खरा होत नाही.

आणखी एक भेद आधीच स्पष्ट असावा. तयार झालेला मिक्स, म्हणजे सर्व वाद्ये व गायन योग्य प्रमाणात एकत्र केलेले गाणे, घेऊन त्याची डागडुजी करणे, त्यातील खर्ज व तार यांचा तोल सावरणे आणि तो आजच्या माध्यमासाठी तयार करणे म्हणजे रीमास्टरिंग. ज्या मल्टिट्रॅक टेपवर गायन, ढोल, गिटार वेगवेगळ्या ट्रॅकवर आहेत तिच्याकडे परत जाऊन सगळ्यांचे प्रमाण नव्याने ठरवणे म्हणजे रीमिक्स. डी लेन लीची गाणी आता दोन्ही रूपांत ऐकता येतात : २०११ चे प्रकाशन तबकडीवरून केलेले रीमास्टर होते, तर २०२४ च्या ‘क्वीन वन’ या संचात त्याच सत्राचे नवे मिक्स आहेत. ही दोन रूपे एकामागून एक, चांगल्या हेडफोनवर ऐकावीत. माध्यमाने काय खाल्ले होते आणि रीमास्टरिंग कुठपर्यंत पोचू शकते, हे त्या तुलनेतून जितके कळते तितके कोणत्याही पुस्तकातून कळणार नाही.

हातात नेमके काय आहे, ते ओळखावे

कामाचा निम्मा निकाल इथेच लागतो. टेपची प्रत काढली की प्रत्येक पिढीत थोडी सळसळ वाढते, तार स्वर थोडे बोथट होतात आणि गती किंचित हलते. म्हणून मूळ टेपपासून आपली प्रत किती पिढ्या दूर आहे, हा पहिला प्रश्न असतो. टेप नेहमीच तबकडीपेक्षा चांगली, असे मात्र गृहीत धरू नये. स्टुडिओत मूळ टेपवरून थेट कोरलेली अ‍ॅसिटेट तबकडी मूळापासून एकाच पावलावर असते, तर संग्राहकांच्या हातांतून फिरलेली टेप चौथ्या-पाचव्या पिढीची असू शकते. शिवाय काही वेळा तबकडीखेरीज दुसरे काही उरलेलेच नसते. बीटल्सने ४ सप्टेंबर १९६२ रोजी ध्वनिमुद्रित केलेल्या ‘लव्ह मी डू’च्या आवृत्तीची मूळ टेप उरली नाही, त्यामुळे ती आवृत्ती अधिकृत संग्रहांत घेतानाही एका स्वच्छ छापील रेकॉर्डचाच आधार घ्यावा लागला. त्याच मंडळींनी बीटल्स होण्याआधी, १९५८ मध्ये, लिव्हरपूलच्या केन्सिंग्टन रस्त्यावरील पर्सी फिलिप्स यांच्या घरगुती स्टुडिओत दोन गाणी मुद्रित केली. त्यांची एकच तबकडी होती. ती पियानोवादक जॉन लो यांच्याकडे राहिली आणि १९८१ मध्ये पॉल मॅकार्टनी यांनी विकत घेतली. १९९५ च्या ‘अँथॉलॉजी’ संचात आपण ऐकतो तो त्या एकाच तबकडीचा आवाज आहे.

संगणकावरची फाइल मिळाली असेल, तर ती स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या उंचीचे स्वर आहेत हे दाखवणाऱ्या चित्रावर, उघडून पाहावी. ऑडॅसिटी आणि सॉनिक व्हिज्युअलायझर या दोन्ही विनामूल्य प्रणालींत ही सोय आहे. १६ किलोहर्ट्झच्या आसपास फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ दिसून वर सगळे काळे असेल, तर ती फाइल कधी तरी एमपीथ्री होऊन आलेली आहे, मग तिचे नाव काहीही असो. तार स्वर हळूहळू विरळ होत गेले असतील, तर तो टेपचा किंवा कॅसेटचा स्वभाव आहे. वीजपुरवठ्यातून मुद्रणात शिरणाऱ्या गुणगुणीच्या दोन समांतर रेघा थोड्या वेगळ्या उंचीवर दिसल्या, तर मधल्या काळात कुणीतरी वेगळ्या गतीच्या यंत्रावर प्रत काढलेली आहे. ही सगळी निरीक्षणे तारखेसह वहीत लिहून ठेवावीत. ती वही पुढे फाइलइतकीच मोलाची ठरते.

हक्कांचाही विचार याच टप्प्यावर व्हावा. भारतात ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे टिकतो आणि गाण्याच्या शब्द-संगीतावरील हक्क त्याहून वेगळा असतो. ब्रिटनमध्ये व युरोपीय संघात प्रकाशित ध्वनिमुद्रणाला ७० वर्षांचे संरक्षण आहे, पण ५० वर्षे अप्रकाशित राहिलेले ध्वनिमुद्रण संरक्षणाबाहेर जाते. याच कारणाने बीटल्सची १९६३ सालची ५९ ध्वनिमुद्रणे डिसेंबर २०१३ मध्ये आणि पिंक फ्लॉइडची अगदी पहिली स्टुडिओ गाणी २०१५ मध्ये कंपन्यांनी मुदत संपता संपता प्रकाशित केली. घरी शिकण्यासाठी काम करणे आणि ते सार्वजनिक करणे यांत कायद्याचे मोठे अंतर आहे. दुसऱ्या गोष्टीसाठी हक्कधारकाची लेखी परवानगी लागते.

वस्तूची तब्येत पाहावी

जुनी टेप यंत्रावर चढवण्याआधी तिचा आधारपट कशाचा आहे हे पाहावे. रीळ उजेडासमोर धरल्यावर कडेने उजेड आरपार आला, तर ती बहुधा सेल्युलोज अ‍ॅसिटेटची, म्हणजे साधारणपणे साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतची टेप असते. पॉलिएस्टर टेप सहसा अपारदर्शक दिसते. अ‍ॅसिटेट टेपला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल, तर ती कुजू लागली आहे आणि तिचे काम सर्वांत आधी करावे लागेल. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतरच्या काही पॉलिएस्टर टेपांमध्ये चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट घटक ओलावा शोषतो, टेप यंत्राला चिकटते, किंचाळते आणि तिच्यावरचा थर खरवडून निघतो. अशा टेपा नियंत्रित भट्टीत सुमारे ५४ अंश सेल्सिअसला काही तास तापवून तात्पुरत्या वाजवण्याजोग्या करतात. हा उपाय अ‍ॅसिटेट टेपेवर कधीही करू नये, कारण उष्णतेने ती वाकते व ठिसूळ होते. आणि घरातला ओव्हन तर कोणत्याही टेपसाठी वापरू नये, त्याचे तापमान भरवशाचे नसते.

आपल्याकडे, विशेषतः कोकणात, मुंबईत आणि गोव्यात, आणखी एक शत्रू आहे तो म्हणजे पावसाळ्यातली बुरशी. रिळाच्या कडेला पांढरी-करडी लव दिसली तर मास्क लावूनच रीळ हाताळावे, ते कोरड्या व थंड खोलीत काही दिवस ठेवावे, नंतर हलक्या हाताने पुसावे. बुरशी लागलेले रीळ इतर रिळांच्या कपाटात ठेवू नये.

अ‍ॅसिटेट तबकडीचे नाव फसवे आहे. ती प्रत्यक्षात अ‍ॅल्युमिनियमच्या चकतीवर चढवलेल्या नायट्रोसेल्युलोज लाखेची असते. ती स्टुडिओत त्याच दिवशी ऐकण्यासाठी कोरली जाई, वर्षानुवर्षे टिकावी म्हणून नव्हे. त्यामुळे प्रत्येक वाजवणीत तिची खाच झिजते. काळाच्या ओघात लाख आकसून तडकते, आणि तिच्यातील तेलकट घटक बाहेर येऊन पांढरी भुकटी जमते. ती भुकटी काढण्यासाठी अल्कोहोल वापरले, तर लाखच विरघळू लागते. अशी तबकडी साफ करणे हे अनुभवी माणसाचे काम आहे आणि नवख्याने ते त्याच्याकडेच सोपवावे, असे मी आग्रहाने सांगेन.

वाजवणे आणि संगणकात उतरवणे

पुढे कितीही महागडी प्रणाली वापरली, तरी इथे निसटलेला आवाज परत आणता येत नाही. त्यामुळे नवख्याने दुरुस्तीच्या प्रणालींवर जितका वेळ घालवायचे ठरवले असेल, त्यातला बराचसा या टप्प्याकडे वळवावा.

टेपच्या यंत्राची डोकी (टेप जिथे घासून जाते ते ‘हेड’) शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत आणि चुंबकत्वमुक्त करावीत. त्यानंतर वाचन-डोक्याचा कोन, ज्याला अभियंते अ‍ॅझिमथ म्हणतात, तो त्या विशिष्ट टेपनुसार लावावा. टेपच्या सुरुवातीला चाचणीचे सूर असतील तर काम सोपे होते; नसतील, तर टेप मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला एकच आवाज असलेली, असल्यास दोन्ही वाहिन्या एकत्र करून ऐकत स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवावा, आणि झांजांचा आवाज जिथे सर्वांत उजळ लागेल तिथे थांबावे. हा कोन चुकला तर तार स्वर जातात, आणि मग माणूस ते ईक्यूने, म्हणजे खर्ज-तार कमीजास्त करणाऱ्या साधनाने, ओढून आणू पाहतो व त्यांच्याऐवजी सळसळच वर आणतो.

दुसरी बाब ध्वनिमुद्रणाच्या मानकाची. टेपवर लिहिताना तार स्वरांना ठरावीक प्रमाणात वळण दिलेले असते व वाजवताना ते उलट फिरवायचे असते. अमेरिकेत एनएबी हे मानक चाले, ब्रिटिश व युरोपीय स्टुडिओत बहुधा सीसीआयआर. लंडनमध्ये सीसीआयआर मानकाने सेकंदाला १५ इंच गतीने मुद्रित झालेली टेप एनएबीवर लावलेल्या यंत्रावर वाजवली, तर तार स्वर सुमारे ३ डेसिबलने वाढलेले आणि अगदी खालचा खर्ज दबलेला ऐकू येतो. नवख्याला ते ‘स्पष्ट’ वाटते, म्हणून ही चूक लवकर लक्षात येत नाही. डब्यावरचे लेबल, स्टुडिओचा देश आणि वर्ष पाहूनच यंत्र लावावे. १९६६ नंतरच्या व्यावसायिक टेपांबाबत डॉल्बी ए या सळसळ कमी करणाऱ्या पद्धतीने मुद्रण झाले आहे का, हेही पाहावे. तसे असून उलगडा न करता वाजवली तर टेप कर्कश आणि सळसळणारी लागते, आणि तो दोष नंतर ईक्यूने निघत नाही.

तबकडीच्या बाबतीत सुईचा आकार निर्णायक असतो. ७८ फेऱ्यांच्या जुन्या खाचेसाठी साधारण तीन मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) त्रिज्येची सुई लागते, तर पुढच्या काळातील सूक्ष्म खाचेसाठी एक मिल किंवा त्याहून कमी. आधी कुणी जड सुईने तबकडी वाजवली असेल, तर खाचेचा तो भाग घासलेला असतो; थोड्या वेगळ्या आकाराची सुई भिंतीवर वर किंवा खाली टेकून न घासलेल्या भागातून आवाज वाचते, आणि फरक थक्क करणारा असतो. अ‍ॅसिटेट तबकडी फार वेळा वाजवता येत नसल्याने सुईची निवड दुसऱ्या, कमी मोलाच्या तबकडीवर करून घ्यावी आणि मूळ तबकडी ठेवल्यावर पहिल्या वाजवणीपासूनच मुद्रण चालू असावे. तबकडी मोनो असली तरी सुई बसवलेल्या स्टिरिओ कार्ट्रिजने खाचेच्या दोन्ही भिंती वेगवेगळ्या वाहिन्यांत घ्याव्यात. बऱ्याचदा एक भिंत दुसऱ्यापेक्षा कमी झिजलेली असते; कुठे एकच भिंत घ्यावी आणि कुठे दोन्ही मिळवाव्यात, हे पुढे निवांत ठरवता येते.

संगणकात २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झ या दर्जाने साधी डब्ल्यूएव्ही फाइल करावी. स्टिरिओत ती मिनिटाला सुमारे ३५ मेगाबाइट जागा घेते, म्हणजे पाच गाण्यांचे सत्र आजच्या कोणत्याही पेन ड्राइव्हवर सहज मावते. सर्वांत मोठा आवाजही कमाल पातळीच्या ६ डेसिबल तरी खाली राहील एवढीच लेव्हल ठेवावी. या वेळी कोणताही फिल्टर, कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजांतले अंतर कमी करणारे साधन) किंवा नॉइज रिडक्शन (सळसळ कमी करणारे साधन) लावू नये. गाण्याआधीची शांतता, अभियंत्याची ‘टेक वन’ अशी हाक, गाणे संपल्यावर कुणी काठ्या खाली ठेवल्याचा आवाज, हे सगळे उतरवून घ्यावे. ही मूळ फाइल केवळ वाचनासाठी कुलूपबंद करावी आणि काम नेहमी तिच्या प्रतीवर करावे.

गती : आधी हे ठीक करावे

जुन्या यंत्रांची गती काटेकोर नसे, आणि प्रत्येक प्रतीगणिक ती आणखी सरके. गाणे अर्धस्वराने चढले असेल, म्हणजे सुमारे ६ टक्के वेगवान असेल, तर गायकाचा आवाज लहान मुलासारखा पातळ होतो हे कुणालाही कळते. पण २ टक्क्यांचा, म्हणजे अर्धस्वराच्या साधारण एकतृतीयांश फरक, कानाला नुसती एक अस्वस्थता देतो. वाद्ये ४४० हर्ट्झला मिळवलेली असतीलच असे नाही. अनेक बँड स्टुडिओतल्या पियानोला किंवा केवळ एकमेकांना जुळवून घेत, त्यामुळे गिटारच्या सुरावरून गती ठरवणे धोक्याचे आहे.

अधिक विश्वासार्ह साक्षीदार म्हणजे विजेची गुणगुण. ब्रिटनमध्ये घरगुती वीज ५० हर्ट्झची असल्याने मूळ सत्रात टेपवर उतरलेली गुणगुण योग्य गतीला ५० हर्ट्झच्या अगदी जवळ दिसली पाहिजे. ती स्पेक्ट्रोग्रामवर ५१ ला दिसत असेल, तर टेप २ टक्के वेगाने चालली आहे. इथे भारतातल्या वाचकाने एक खबरदारी घ्यावी : आपली वीजही ५० हर्ट्झचीच आहे. त्यामुळे आपल्याच यंत्राची किंवा केबलची गुणगुण नेमकी ५० वर बसते आणि सत्राची गुणगुण म्हणून आपल्याला फसवते. टेप न चालवता, यंत्र फक्त चालू ठेवून एक मिनिट मुद्रण करावे; त्यात जी रेघ दिसते ती आपली, आणि टेप चालल्यावर जी नवी रेघ येते ती स्टुडिओची. अमेरिकन सत्रांसाठी ५० ऐवजी ६० धरावे. गती सत्राच्या मध्येच हळूहळू बदलत असेल, तर गाण्याचे भाग पाडून प्रत्येकाचे मोजमाप वेगळे लिहावे.

डागडुजी : काय काढले, ते ऐकावे

गती ठीक झाल्यावर दोष काढण्याचा क्रम साधारण असा असावा : आधी मोठे टकटक आवाज, मग बारीक तडतड, मग विजेची गुणगुण आणि अगदी शेवटी सर्वत्र पसरलेली सळसळ. उलट क्रमाने गेल्यास सळसळ मोजणारी प्रणाली टकटकीलाही सळसळ समजते आणि संगीत खरवडू लागते. आयझोटोप आरएक्स किंवा केंब्रिजच्या सीडारची साधने व्यावसायिक आहेत. शिकण्यासाठी ऑडॅसिटी पुरेशी आहे.

टकटक काढणारी साधने अचानक उसळलेला आवाज शोधतात, आणि स्नेअर ड्रमवर काठी पडल्याचा क्षणही तसाच अचानक उसळतो. रॉक संगीतात म्हणूनच सर्व गाण्यावर एकदम टकटक-निवारण लावणे घातक ठरते. प्रणालीत ‘काढलेला भागच ऐका’ अशी सोय असेल तर ती सतत वापरावी. नसेल, तर मूळ फाइल आणि दुरुस्त फाइल अचूक जुळवून एक उलटी करावी आणि दोन्हींची बेरीज ऐकावी, म्हणजे केवळ वजा झालेला आवाज उरतो. त्या उरलेल्या आवाजात ताल ऐकू आला, तर आपण ढोल चोरत आहोत. गायकाचे शब्द ओळखू आले, तर आपण त्याचा श्वास चोरत आहोत. काय उरले हे ऐकून कान लवकर भुलतो, काय गेले हे ऐकताना तो भुलत नाही. या संपूर्ण कामातली सर्वांत उपयोगी सवय माझ्या मते हीच आहे. मोठे टकटक आवाज तर स्पेक्ट्रोग्रामवर एकेक शोधून हातानेच काढावेत. वेळ लागतो, पण पाच गाण्यांच्या सत्रासाठी तो वेळ देणे योग्य आहे.

गुणगुण काढताना ५०, १००, १५० हर्ट्झवर अरुंद खाच पाडतात. बास गिटारच्या जाड तारेवरील तिसऱ्या पडद्याचा स्वर ४९ हर्ट्झचा असतो. म्हणून ५० वरची खाच थोडी रुंद झाली, की बासचा तो एकच स्वर पोकळ लागतो आणि श्रोत्याला काहीतरी चुकल्याचे जाणवत राहते. यांपैकी ज्या हार्मोनिकवर, म्हणजे ५० हर्ट्झच्या ज्या पटीवर, गुणगुण खरोखर ऐकू येते, तेवढ्यावरच आणि गरजेपुरतीच खाच पाडावी. शांत सुरुवातीला ती लावून, संपूर्ण बँड वाजू लागल्यावर काढून टाकणे हाही चांगला मार्ग आहे.

सळसळीबाबत सर्वाधिक संयम हवा. नॉइज रिडक्शनला आधी सळसळीचा नमुना द्यावा लागतो, आणि तो कुठून घेतला यावर पुष्कळ काही ठरते. तबकडीवर दोन प्रकारची शांतता असते : सुई नुकतीच टेकल्यानंतरची, जिच्यात केवळ तबकडीची खरखर आहे, आणि पहिल्या सुराच्या लगेच आधीची, जिच्यात तबकडीशिवाय मूळ टेपची सळसळ व स्टुडिओच्या खोलीचा सूक्ष्म आवाजही आहे. नमुना पहिल्या शांततेतून घ्यावा. मग तबकडीने टाकलेले तेवढे कमी होते, आणि खोली जागेवर राहते. कमी करण्याचे प्रमाण ४ ते ६ डेसिबलच्या पुढे नेऊ नये. त्यापुढे झांजांभोवती पाण्यात बुडबुडे यावेत तसा आवाज येऊ लागतो, आणि गाणे संपताना गिटारचा विरत जाणारा स्वर अर्ध्यातच तुटतो.

हा संयम केवळ माझी आवड नाही. बीटल्सच्या संपूर्ण संग्रहाचे २००९ चे रीमास्टरिंग करताना अ‍ॅबी रोड स्टुडिओच्या चमूने चार वर्षे काम केले, आणि ५२५ मिनिटांच्या संगीतापैकी पाच मिनिटांहूनही कमी भागावर नॉइज रिडक्शन वापरले. विजेचे खटके आणि वाईट जोड त्यांनी दुरुस्त केले, पण वादनाचा भाग असलेले श्वास व खोकले तसेच ठेवले. त्यांच्याकडे मूळ टेपा होत्या, हे खरे. आपल्याकडे पाचव्या पिढीची कॅसेट असेल तर आपल्याला थोडे अधिक करावे लागेल. तरी त्या प्रमाणाची आठवण ठेवणे बरे.

स्वरांचा तोल

ईक्यू करण्याआधी तुलनेसाठी एखादे विश्वासू ध्वनिमुद्रण शोधावे : तोच बँड, शक्यतो तोच स्टुडिओ, जवळचे वर्ष. डी लेन ली सत्राबाबत असा आधार सहज मिळतो. पहिला अल्बम जिथे मुद्रित होत होता त्या ट्रायडंट स्टुडिओत पुन्हा मुद्रण करूनही ‘द नाइट कम्स डाउन’ला मूळ डेमोची सर आली नाही, म्हणून १९७३ च्या अल्बममध्ये डी लेन लीचेच मुद्रण घेतले गेले. त्यामुळे टेपवरून आलेला त्या सत्राचा आवाज आणि तबकडीवरून आलेला आवाज शेजारी ठेवून ऐकता येतात. मिक्समध्ये फरक असू शकतो, म्हणून वाद्यांचे प्रमाण नव्हे, तर झांजांची चमक आणि बासचे वजन एवढेच त्यातून पडताळावे. बँडला ट्रायडंटमधला ढोलांचा कोरडा, दबलेला आवाज पसंत नव्हता, हे ब्रायन मे यांनी अनेकदा सांगितले आहे. डी लेन लीच्या डेमोत ढोलांभोवती खोली ऐकू येते, आणि रीमास्टर करणाऱ्याने जपायची गोष्ट नेमकी तीच आहे.

एका वेळी २-३ डेसिबलहून अधिक वाढ करण्याची गरज वाटली, तर ईक्यू सोडून मागे जावे. बहुधा अ‍ॅझिमथ, मानक किंवा सुई यांत चूक राहिलेली असते. तबकडीत मध्याजवळ खाच आखूड होत जाते आणि तार स्वर मावळतात, त्यामुळे पहिल्या व शेवटच्या गाण्याला एकच ईक्यू लावता येत नाही.

मोनो ध्वनिमुद्रण मोनोच ठेवावे. साठच्या दशकात काही कंपन्यांनी मोनोला खोटे स्टिरिओ करून विकले, आणि ती प्रकाशने आज कुणी आवडीने ऐकत नाही.

वाद्ये वेगळी करणाऱ्या यंत्रशिक्षणाच्या साधनांचे आकर्षण आता मोठे आहे. चित्रपट-दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या चमूने विकसित केलेल्या पद्धतीमुळे बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’चे २०२२ मध्ये नवे मिक्स करता आले, आणि २०२३ मध्ये जॉन लेनन यांचा आवाज एका जुन्या कॅसेटवरील पियानोपासून सुटा झाला. डेमक्स किंवा स्प्लीटर यांसारखी विनामूल्य साधने घरी चालतात. त्यांचा उपयोग मर्यादित ठेवावा : दबलेले गायन सुटे करून ते मूळ मिक्सवर १-२ डेसिबलने हलकेच मिसळावे. सुटे केलेले तुकडे एकत्र करून पूर्ण गाणे नव्याने उभे केले, तर ते रीमास्टर राहत नाही, आणि तसे स्पष्ट सांगितले पाहिजे.

लेव्हल आणि ऐकण्याची शिस्त

थोडा मोठा आवाज माणसाला नेहमी अधिक चांगला वाटतो. अर्धा-एक डेसिबल फरकही पुरतो. म्हणून मूळ आणि दुरुस्त आवृत्तीची तुलना करताना दोन्हींची लेव्हल मीटरवर समान केल्याशिवाय कोणताही निर्णय घेऊ नये. पंखा बंद करावा, खिडकी लावावी, आवाज नेहमी एकाच पातळीवर ठेवावा, आणि कान थकले की उठावे. एखाद्या दुरुस्तीबद्दल दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच मत राहिले, तरच ती पक्की धरावी. हेडफोनवर टकटक व बुडबुडे कळतात, पण खर्जाचा तोल स्पीकरवरच कळतो, दोन्हींवर ऐकावे.

शेवटच्या टप्प्यात लिमिटर (आवाजाची शिखरे दाबणारे साधन) लावून सगळे आजच्या गाण्यांइतके मोठे करण्याचा मोह होतो. त्याची आता गरजही उरलेली नाही, कारण स्पॉटिफायसारख्या सेवा वाजवताना आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याच्या एककाच्या) आसपास आणतात. अधिक दाबून मोठे केलेले गाणे तिथे खाली ओढले जाते आणि चेपलेलेच राहते. सर्वोच्च शिखर उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, आणि पाचही गाण्यांची परस्परांमधली लहान-मोठी पातळी सत्रात होती तशीच राहू द्यावी.

जतन आणि नोंद

अंतिम फाइल २४ बिट, ९६ किलोहर्ट्झमध्ये ठेवावी. सीडीच्या दर्जाची प्रत हवी असल्यास आधी ४४.१ किलोहर्ट्झवर आणावे आणि त्यानंतर, सर्वांत शेवटी, डिदर (बिट कमी करताना येणारी विकृती लपवणारी अत्यंत सूक्ष्म सळसळ) लावून १६ बिट करावे. अस्पर्शित मूळ फाइल, दुरुस्त पण ईक्यू न केलेली फाइल आणि अंतिम फाइल अशा तिन्ही वेगळ्या नावांनी जपाव्यात. प्रत्येकीच्या तीन प्रती दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या घरी असावी. उद्या कुणाच्या हाती अधिक चांगले साधन आले, तर त्याला आपल्या निर्णयांपासून नव्हे, त्या पहिल्या फाइलपासून सुरुवात करता आली पाहिजे.

सोबत एक साधी मजकूर-फाइल असावी. स्रोत टेप की तबकडी आणि ती कुणाकडून आली, कोणत्या यंत्रावर व कोणत्या सुईने वाजवली, कोणते मानक लावले, गती किती टक्के बदलली व ती कशावरून ठरवली, कोणत्या मिनिटाला व सेकंदाला टकटक हाताने काढली, सळसळ किती डेसिबलने कमी केली, कुठे सुटे केलेले गायन मिसळले, हे सर्व तीत लिहावे. हीच माहिती थोडक्यात फाइलच्या मेटाडेटातही, म्हणजे फाइलच्याच आत असलेल्या माहितीच्या रकान्यांत, भरावी, कारण फाइली एकमेकींपासून दुरावतात. ज्या जागी दोष ऐकू येतो पण आपण तो मुद्दाम ठेवला, ती जागाही कारणासह नोंदवावी.